पोलंडची पोथी

भाऊबिजेच्या जेवणाला, ताटात पुरणपोळी पडलेली असताना, आमच्या बाबांनी दुसऱ्या लग्नाची बातमी दिली, आणि तीही तूप मागता मागता. "तूप वाढ वं थोडं. अन् हे पाहा, मी पाट लावायचं म्हनून राह्यलो." विधुराचं आणि विधवेचं लग्न आमच्याकडे बँडबाजाशिवाय, चार माणसांत, देवळात उरकतात. त्याला पाट म्हणतात. चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून शेतात दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जाणारा, आणि हा निघाला पाट लावायला! वहिनीच्या हातातली तुपाची वाटी हातातच राहिली. मला खोटा ठसका लागला, आणि तो काढता काढता खराही लागला. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मान खाली घालून पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "तुमची मर्जी, बाबा."

जेवण झाल्यावर हाच दादा मला गोठ्यामागे घेऊन गेला. तिथे त्याची मर्जी वेगळीच निघाली. "हे काय चाललं? गावात तोंड दाखवायची सोय नाई राहनार. तू सांग त्यायले."

"मी? आणि तू रे?"

"मी कसं सांगू? बाप हाय तो. तू शिकलेली हायेस, लोकायच्या पोरायले शिकवतेस. तुह्यं आयकतीन."

आता सांगा. मी बुलढाण्याच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते. माझं आठवीतलंही कोणी ऐकत नाही. पण खरं सांगायचं तर हे लग्न मलाही नको होतं. माय जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं मसाल्याचं फडताळ वहिनीनं अजून तसंच ठेवलंय, तिच्या खुणेच्या बरण्या तिच्या क्रमानं. त्या बरण्यांना कोणा परक्या बाईचा हात लागणार, या कल्पनेनंच मला चीड आली. बाबांची चीड आली, आणि त्या न पाहिलेल्या बाईची तर फारच. ती म्हणे बीबी गावची होती, भाजीपाला पिकवणारी, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. याहून जास्त कोणाला माहीत नव्हतं, कारण विचारायची कोणाची छाती नव्हती. आमच्या घरात बाबांशी तोंडावर बोलायची पद्धतच नाही. तोंडावर फक्त माय बोलायची.

मग शिकलेली बाई जे करते ते मी केलं. बापाला पुस्तक दिलं.

पुस्तक साधंसुधं नव्हतं. पोलंड देशातल्या एका खेड्याची कादंबरी, जुनी, जगभर गाजलेली, मराठीत आणलेली, आणि जाडी अशी की दार वाऱ्यानं आपटत असेल तर टेकवायला उपयोगी पडावी. शिकत असताना मी ती वाचली होती, म्हणजे निम्मी वाचली होती आणि निम्मी परीक्षेपुरती. पण गोष्ट पक्की लक्षात होती. एक श्रीमंत म्हातारा शेतकरी, बायको वारलेली, गावातल्या एका देखण्या तरुण पोरीशी लग्न करतो. मग लेक बिथरतो, सून बिथरते, जमिनीवरून हाणामारी होते, गाव चवीनं चघळतं आणि शेवटी कोणाचंही भलं होत नाही. मी मनात म्हटलं, याच्याहून रामबाण औषध नाही. तोंडानं एक शब्द बोलायला नको, म्हातारा आपलाच आपण वाचेल, घाबरेल आणि गप बसेल.

पुढच्या रविवारी मी ते गावी, जानेफळला, नेऊन दिलं. "बाबा, शेतकऱ्यांची गोष्ट आहे. तुम्हाला आवडेल."

बाबांनी पुस्तक दोन्ही हातांनी तोलून पाहिलं. "किती किलो भरंन हे?" एवढंच विचारलं.

मी खूश होऊन बुलढाण्याला परत आले. चार दिवसांनी वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, घाबरलेला आणि हसू दाबलेला, दोन्ही एकदम: "ताई, तुमच्या पुस्तकाले नारळ फुटला."

झालं होतं ते असं. आमच्या बाबांना मनातल्या मनात वाचता येत नाही. त्यांचा सगळा जन्म श्रावणात ओट्यावर पोथी वाचण्यात गेलाय. वाचायचं म्हणजे मोठ्यानं, ठेक्यात, आणि वाचलेलं मग आपल्या बोलीत समजावून सांगायचं, हीच त्यांची वाचनाची व्याख्या. त्यात ती जाडी हातात धरवेना, म्हणून त्यांनी पोथीचा चौरंग काढला आणि पुस्तक त्यावर ठेवलं. दिवेलागणीला वीज गेली, तर शेजारी समई लावली. समोरच्या काकू दूध द्यायला आल्या. त्यांना काय दिसलं? चौरंग, समई, जाडजूड ग्रंथ आणि मांडी घालून बसलेले बाबा. काकूंनी दूध खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, नमस्कार केला आणि विचारलं, "कोनती पोथी लावली?"

"पोलंडची," बाबा म्हणाले.

काकू घरी गेल्या आणि हळद-कुंकू, नारळ घेऊन आल्या. पुस्तकाला हळद-कुंकू लागलं. आणि समोर आलेला नारळ नाकारणं बाबांच्या स्वभावातच नाही. त्यांनी तो फोडला.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्याकडे नारळ फोडून लावलेली पोथी अर्ध्यात सोडत नाहीत. घराला चांगलं नसतं म्हणतात. शेवटच्या पानापर्यंत वाचायची, मग समाप्ती करायची, गावाला जेवू घालायचं, तेव्हा कुठे सुटका. म्हणजे मी बापाला गुपचूप दिलेलं औषध आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसून अख्खी आळी घेणार होती, आणि बाटली संपेपर्यंत कोणाची सुटका नव्हती. दादाचा फोन आला. आधी श्वास, मग शब्द. "हे काय देऊन ठेवलंस तू?"

"अरे, मग थांबव ना त्यांना."

"नारळ फुटला न आता! मी थांबवू अन् उद्या घरात कोनी आजारी पडलं, मंग?"

शनिवारी शाळा सुटल्यावर मी चिखली, मेहकर करत एस.टी.नं जानेफळ गाठलं. ओट्यावर ही गर्दी! खाली शेकोटी पेटवलेली, पुरुष घोंगड्या-ब्लँकेटं घेऊन बसलेले, बायका दाराच्या बाजूला. हरभऱ्याला पाणी देऊन आलेले लोक, चिखलाचे पाय तसेच. आणि मधे बाबा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पोलंड सांगत होते.

पोलिश नावांनी त्यांची जीभ पहिल्याच पानावर घसरली होती. पण बाबा अशानं अडणारे नव्हेत. त्यांनी सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं. म्हातारा शेतकरी झाला पाटील, त्याचा मुलगा झाला थोरला, नवी नवरी झाली लहानी, तिची आई झाली लहानीची माय, आणि चर्चमधला पाद्री झाला महाराज. हा बदल लोकांना इतका पटला की पोलंडमधलं ते खेडं मेहकर तालुक्याच्या जरा पलीकडे असल्यासारखं ते बोलायला लागले. अडचण फक्त बर्फाची होती.

"चार महिने बर्फ पडते म्हंता? मंग रब्बीचं काय करते ते लोकं?"

"नाई घेत रब्बी," बाबा म्हणाले.

"एकच पीक? अन् पानी एवढं असून?" सगळ्या ओट्यानं पोलंडसाठी च्च् च्च् केलं. त्या बायका गाडीभर कोबी चिरून पिंपात आंबवतात हे ऐकून आमच्या वहिनीनं नाकाला पदर लावला. महाराज दक्षिणेला टपलेला आहे हे कळल्यावर मात्र कोणालाच नवल वाटलं नाही. बांधावरून भांडण निघालं त्या दिवशी तर बाबांना तो भाग दोनदा वाचायला लावला, आणि खाली शेकोटीशी दोन शेजारी एकमेकांकडे न बघता बसले होते.

बिचारा दादा. तो ओट्यावर बसत नसे. खिडकीच्या आत खाट टाकून मोबाईल बघत असल्याचं सोंग करायचा. पण पोथीत थोरला बापावर चिडून बोलला की अख्खा ओटा हळूच त्या खिडकीकडे मान वळवायचा. एकदा थोरल्यानं दार आपटलं असं बाबांनी वाचलं, आणि नेमकं वाऱ्यानं आमचं मागचं दार आपटलं. लोक इतके हसले की वाचन थांबवावं लागलं. दादानं त्या दिवसापासून मागच्या दाराला दगड लावून ठेवायला सुरुवात केली. "तुह्यं ते पुस्तक," तो मला म्हणाला, "लेकाच्या जातीले बदनाम करून राह्यलं."

मी म्हटलं, अरे, पण बाबांवर काही परिणाम होतोय का, ते बघ ना! होत होता की नाही तेच कळत नव्हतं. बाबा ठणठणीत दिसत होते. शेवटी रविवारी सकाळी ते घरामागच्या वांग्यांना पाणी देत असताना मी हिंमत केली आणि जवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, पाटलानं त्या वयात लग्न केलं, त्याचं काय होतंय ते वाचताय ना?"

"वाचून राह्यलो न."

"मग?"

"मंग काय? चुकलाच तो. त्यानं पोरगी केली. मी काय पोरगी करून राह्यलो? बाई पंचावन्नची हाय. अन् त्यानं घरात न सांगता केलं. मी तुमाले सांगून करून राह्यलो, तूप मागून." बाबांनी पाईप दुसऱ्या वाफ्यात टाकला. "चांगलं पुस्तक देल्लंस. कुठं कुठं चुकू नये ते सारं लिहेल हाय त्याच्यात."

औषधाचा असा उपयोग होईल हे मला शिकवलं नव्हतं. मी जरा चिडलेच. "पण बाबा, तुम्हाला इथं कमी काय आहे? वहिनी ताटात गरम भाकर टाकते. दादा तुमच्या शब्दाबाहेर नाही."

"तेच तं," बाबा म्हणाले. वाफा भरून पाणी बाहेर जायला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "तुह्यी माय गेल्यापासून या घरात मले कोनी 'नाही' म्हनलं नाई. मी म्हनलं तूर पेरू, तं हाव. मी म्हनलं नाई पेरत, तं बी हाव. एक दिवस मुद्दाम म्हनून पाह्यलं, औंदा विहीर बुजवून टाकू. तुहा दादा म्हनते, तुमची मर्जी! अबे, भरली विहीर बुजवते का कोनी? तुह्यी माय असती तं तिनं मले त्याच विहिरीत ढकललं असतं." ते हसले, आणि मीही हसले. "मी घरातला फोटो होऊन राह्यलो, बाई. सारे पाया पडते. बोलत कोनीच नाई."

माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मग त्यांनी स्वतःहून बीबीचं सांगितलं. बीबीच्या बाजारात त्यांनी या बाईकडून वांग्याची रोपं घेतली होती. निम्मी मेली. बाबा भांडायला पुन्हा बीबीला गेले, खास एस.टी. करून. बाईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रोपं मेली नाईत, तुमी मारले, किती पानी घालता? बाबा म्हणाले, चाळीस वर्सं शेती करून राह्यलो. बाई म्हणाली, चाळीस वर्सं चुकीचीच करून राह्यले असान. बाबा तिथं उन्हात तासभर भांडले, आणि येताना पुन्हा रोपं घेऊन आले. पुढच्या बाजारालाही गेले. त्याच्या पुढच्यालाही. "हे तेच वांगे हायत," त्यांनी पाईपानं दाखवलं. "आता कमीच पानी देतो." मी बघत होते, वाफा तुडुंब भरला होता.

एस.टी.त बसल्यावर मला मायची आठवण येऊन रडू आलं. ती बाबांशी दिवसभर भांडायची. आम्हा पोरांना वाटायचं, किती कटकट करते ही! तिच्यामागे आम्ही दोघंही शहाण्यासारखं वागायला लागलो, आवाज खाली ठेवायला लागलो, आणि त्यालाच आम्ही बाबांची काळजी घेणं समजत होतो. हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी आता बापाले उलटून बोलू? हे शिकवून राह्यलीस का तू शाळेत?" मग जरा थांबून म्हणाला, "मले नाई जमत ते." आणि मायची जागा कोणी घेणार हे त्याला सहन होणार नाही, हेही त्यानं पहिल्यांदाच सरळ सांगितलं. मलाही होणार नव्हतं. इतकं सगळं कळूनही माझं मन त्या बरण्यांपाशीच अडकलेलं होतं.

थंडी सरली तशी पोथीही सरत आली. होळीच्या आधीच्या रविवारी समाप्ती ठरली. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी, सगळ्या आळीला. शनिवारी वहिनीचा आवाज आला, या वेळी त्यात हसू नव्हतं: "ताई, बाबांनी बीबीच्या बाईले बी आवतन देल्लं. त्या येऊन राह्यल्या. भावाले घेऊन." समाप्तीच्या जेवणाला आलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही. बाबांनी डाव बरोबर टाकला होता. पुस्तक माझंच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची.

ती आली. उंच, काटक, डोळ्यांवर चष्मा, इस्त्रीची साडी आणि खाली स्पोर्ट शूज. बूट तिनं ओट्याखाली नीट जोडून ठेवले. बरोबर तिचा भाऊ, अगदी गरीब चेहऱ्याचा. हातातली वांग्यांची पिशवी तिनं वहिनीला दिली. वहिनीनं उघडून पाहिलं आणि नाइलाजानं म्हणाली, "वांगे चांगले हायत." मी त्या बाईकडे जळजळीत कटाक्ष टाकायचा ठरवला होता. पण ती माझ्याच शेजारी सतरंजीवर बसली आणि मला विचारलं, "ताई, जागा हाय न? अडचन तं नाई झाली?" मग कटाक्ष टाकणार कसा.

शेवटचा अध्याय बाबांनी जीव ओतून वाचला. पाटील आधीच मेलेला होता. आता सगळं गाव लहानीवर उलटलं, तिच्या नावानं बोटं मोडायला लागलं आणि एक दिवस सगळ्यांनी मिळून तिला गावाबाहेर हाकलून लावलं. संपलं. लोक पुढच्या पानाची वाट बघत बसले. पोथीचा शेवट असा नसतो. पोथीत शेवटी कोणाचं तरी कल्याण होतं. मागून कोणीतरी चाचरत म्हणालं, "बरंच झालं म्हना. तिच्याच पायी सारं झालं."

"हाव," दोघंतिघं म्हणाले.

"नाही," माझ्या शेजारून आवाज आला. "काऊन तिच्या पायी?"

पोथीत मधे कोणी बोलत नाही. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाटलाले कोनी सांगतलं होतं पोरीच्या वयाची बायको करायले?" ती म्हणाली. "तो मरून मोकळा झाला, तं तो चांगला. अन् ही जिती राह्यली, तं हिले काढा गावाबाहेर. हा कोनता न्याय?"

"त्यानं तिच्या नावानं जमीन करून देल्ली होती," बाबा म्हणाले.

"तिनं मागतली होती?"

बाबांनी घाईघाईनं मागची पानं उलटली. "तिच्या मायनं मागतली होती."

"मंग मायले काढा न गावाबाहेर!"

बायका फिसकन हसल्या. बाबा सरसावून बसले. म्हणाले, तुमाले कथा समजली नाई. ती म्हणाली, कथा समजली, तुमी सांगता चुकीची, पाटलाची बाजू आली का तुमचा आवाज चढते. बाबांनी पुस्तकावर थाप मारली, हे लिहेल हाय ते खोटं का? ती म्हणाली, लिहेल हाय ते खरं, पन हाव म्हनून मान डोलवायची का नाही ते आपल्यावर हाय. आरतीचं ताट थांबलं, रोडगे निखाऱ्यात थांबले. बाबांचा आवाज टिपेला गेला, कान लाल झाले, पुढे वाकून हातवारे करत ते असे भांडायला लागले की मला माझं लहानपण समोर दिसायला लागलं. वहिनी आतून धावत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, बाबा भांडून राह्यले!" घरात बारसं असल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. खिडकीत दादा उभा होता. मोबाईल त्याच्या हातात नव्हता.

आरती कोणाची म्हणायची यावर जरा चर्चा झाली. शेवटी गणपतीची म्हटली, तो सगळ्यांना चालतो.

जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत बसलो. बाबा, दादा, मी, ती आणि तिचा भाऊ. वहिनी दारात. दादा घसा खाकरून "तुमची मर्जी" म्हणायच्या तयारीत होता, तेवढ्यात ती म्हणाली, "एक गोष्ट आधीच सांगते. मी इथं राहाले येनार नाई."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माह्यी विहीर हाय तिकडं, भाजी हाय. बाजार कोन करंन? इतके वर्सं माह्या घरात मी माह्या मनानं राह्यली. आता दुसरीच्या चुलीवर नाई येत मी." मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या मायनं मांडेल घर हाय हे. त्याले मी हात नाई लावत. तुमच्या बाबाले यायचं असंन तं त्यायनं यावं बीबीले."

मी कित्येक महिने ज्याची धास्ती घेतली होती, ते या बाईनं एका वाक्यात संपवलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा हातच धरला. पण मग शेवटचं वाक्य हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं. दादाच्याही शिरलं असावं, कारण त्यानं एकदम बाबांकडे पाहिलं.

"हे कसं होईन?" बाबा म्हणाले. "माह्यं शेत?"

"शेत लेक पाहते न तुमचा? चांगलं पाहून राह्यला. येताना रस्त्यानं पाह्यलं मी."

बाबांनी डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं. मायच्या फोटोकडे पाहिलं. मग विचारलं, "बीबीले पानी कसं हाय औंदा?" आणि आम्ही समजलो. चौसष्टाव्या वर्षी आमचे बाबा घरजावई व्हायला निघाले होते.

गावानं मजा लुटली. पारावर, न्हाव्याकडे, दूध डेअरीवर एकच विषय होता. एकानं बाबांना सांगितलं, सासरी गेल्यावर मान खाली घालून राह्यजा. दुसऱ्यानं विचारलं, पयल्या सणाले माहेरी कोन आनाले येईन? बाबा सगळ्यांना चहा पाजत हिंडले. पाट गुढीपाडव्यानंतर लागला, देवळात, आम्ही दोन घरची मोजकी माणसं. तिनं बाबांची टोपी वाकडी आहे म्हणून सांगितलं, बाबांनी सरळच आहे म्हणून सांगितलं, आणि भटजींनी तेवढ्यात अक्षता टाकून घेतल्या.

पण त्यानंतर सामान बांधायचा दिवस आला. शेजाऱ्यांची बोलेरो दारात उभी होती. वहिनीनं शेवयांचा डबा बांधला, लोणच्याची बरणी बांधली, पुन्हा आत जाऊन कुरडया आणल्या. "तिकडं मिळत नाई का वं हे?" बाबा म्हणाले. वहिनी म्हणाली, "मिळत असंन, पन घरचं असू द्या," आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मी बाबांच्या धोतरांच्या घड्या करत होते. मुलीची पाठवणी बाप करतो. इथे मी बापाची करत होते, आणि मला ना नीट हसता येत होतं ना रडता. मी मायचा फोटो उतरवायला गेले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे तिले. घर तिचं हाय. मी चाललो, ती कायले येईन?"

दादा सकाळपासून दिसला नव्हता. बाबा चौरंग काखेत मारून ओट्याच्या पायऱ्या उतरले, तेव्हा तो गोठ्याकडून आला आणि गाडीच्या दाराशी उभा राहिला. डोळे लाल, हातांना जनावरांच्या चाऱ्याचं कुटार लागलेलं.

"येतो बे," बाबा म्हणाले.

"नाही," दादा म्हणाला.

"काय नाई?"

"तुमी जायचं नाई." त्याचा आवाज फाटला. "गहू पडला हाय अजून वावरात. तुमचे गुडघे दुखते. तिकडं रात्री उठले तं तुमाले दिवा सापडनार हाय का? काई मर्जी-बिर्जी नाई. नाई म्हंजे नाई!" जन्मात पहिल्यांदा तो बापावर ओरडत होता, भर रस्त्यात, आळी बघत असताना. वहिनी रडायची थांबली.

बाबांनी चौरंग हळूच गाडीच्या बॉनेटवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तीन वर्सं लावले बे तू," ते म्हणाले.

मग त्यांनी दादाच्या गालावरून हात फिरवला, चौरंग उचलला आणि गाडीत बसले. बसताना मला म्हणाले, पोथी घरीच राहू दे, पुढच्या थंडीत कोनी तरी वाचा. दादानं दाराची मूठ धरली होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, एकदा मागे वळून पाहिलं आणि थांबला.

"सोड बे," बाबा आतून म्हणाले, "उशीर होऊन राह्यला."

"नाही," दादा म्हणाला.